पाण्यावरून जाणारे पाणी

आमच्या आईने गंगास्नानासाठी बारा-पंधरा वर्षे पैसे साठवले, आणि अखेर आम्ही तिला घेऊन हरिद्वारला पोचलो तेव्हा गंगा बंद होती.

यात अतिशयोक्ती नाही. १९९३ च्या दसऱ्यानंतरचा आठवडा होता. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत चार वर्षे काढून नुकताच नागपूरला बदलून आलो होतो. एल.टी.सी.ची मुदत संपत आलेली, मुलांच्या सहामाही परीक्षा आटोपलेल्या, आणि आईचे गुडघे अजून तिचे ऐकत होते. जी.टी.ने दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने हरिद्वार. पहाटेच्या गारठ्यात आईचा हात धरून हर की पौडीच्या पायऱ्या उतरलो, आणि खाली पाहतो तो नदीच्या जागी गोटे पसरलेले. मधून घोट्याएवढी एक धार चाललेली. पात्रात पाचपन्नास माणसे वाकून काही शोधत होती. कुणाच्या हातात चाळणी, कुणाच्या हातात दोरीला बांधलेला लोहचुंबक. वर्षभर भाविकांनी टाकलेली नाणी वेचण्याचे काम चालले होते.

“नहर की सफाई चल रही है, माताजी,” पंडा म्हणाला. “दिवाली तक बंद है.”

आईने माझ्याकडे पाहिले. “बाबू, गंगा कधी बंद असते का रे?”

मला एकदम ३१ मार्च आठवला. म्हटले, “आई, आमचं बँकेत वर्षाचं क्लोजिंग असतं ना, तसं गंगेचंही असेल.” मी आपली तिची समजूत घालायला बोललो होतो. पण दुसऱ्या दिवशी कळले, की ते जवळजवळ अक्षरशः खरे होते. आईने त्या घोटाभर पाण्यात बसून तांब्यातांब्याने अंगावर पाणी घेतले, माहेरी विहिरीवर आंघोळ करावी तशी. आणि माझ्या बायकोला म्हणाली, “झालं. देवाले दिसते सारं.”

हर की पौडीला आपण ज्या प्रवाहात बुडी मारतो तो गंगेचा मुख्य प्रवाह नव्हे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. बहुतेक यात्रेकरूंना ते ठाऊक नसते. मुख्य प्रवाह पलीकडून, चंडीच्या डोंगराच्या पायथ्याने जातो. त्याला नीलधारा म्हणतात. घाटाजवळून वाहते ते पाणी वळवून आणलेले असते आणि पुढे ते गंगा कालव्यात जाते. दरवर्षी दसऱ्याला कालव्याची दारे पाडतात, दिवाळीच्या सुमारास उचलतात, आणि मधल्या दिवसांत गाळ काढणे, भिंतींची डागडुजी, दारांना तेलपाणी चालते. कागदावर या प्रवाहाला काय म्हणावे, यावरून अलीकडेही बरेच झाले. उत्तराखंड सरकारने २०१६ मध्ये तो जादा पाणी सोडून देण्याचा एक कालवा आहे असे आदेशाने ठरवले. पुरोहितांचे आंदोलन झाले आणि २०२० मध्ये तो आदेश मागे घेण्यात आला. आदेश निघाला तेव्हा आणि मागे घेतला तेव्हाही पाणी तेच वाहत होते. असो.

माझा एक भाचा तेव्हा रुरकीला सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. हरिद्वारहून रुरकी सुमारे तीस किलोमीटर. आजीला भेटायला तो येणार होता, पण आम्हीच त्याच्याकडे गेलो, आणि तो आम्हाला दुपारच्या उन्हात थेट कालव्यावर घेऊन गेला. पोरगा हुशार, पण वसतिगृहातल्या पोरांना पाहुण्यांना काय दाखवावे हे कळत नाही, असे मला आधी वाटले. एक कोरडा कालवा काय पाहायचा? तासाभराने माझे मत बदलले होते.

गोष्ट अशी, की हरिद्वारपासून रुरकीपर्यंत कालव्याला आडवे जावे लागते ते शिवालिक टेकड्यांतून उतरणाऱ्या नद्या-ओढ्यांना. उन्हाळ्यात कोरडे, पावसाळ्यात चवताळलेले. आपल्या विदर्भातले नाले ज्यांनी जुलैत पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको. कालवा तर एका ठरावीक, जवळजवळ न दिसणाऱ्या उतारानेच जाऊ शकतो. नदी आली म्हणून तो खाली उतरू शकत नाही की वर चढू शकत नाही. मग करायचे काय? या तीस किलोमीटरांत त्याची तीन उत्तरे एकामागोमाग एक दिसतात. रानीपूर आणि पथरी इथे ओढ्यांचे पात्र कालव्याहून उंच; तिथे ओढाच पुलावर घालून कालव्याच्या डोक्यावरून नेला आहे. धनौरीला रतमऊ नदी आणि कालवा एकाच पातळीवर. तिथे दोघांना सरळ एकमेकांत मिसळू दिले आहे आणि नदीच्या बाजूला दारे ठेवली आहेत, पूर आला की उघडायची. आणि रुरकीला सोलानी नदीचे खोरे कालव्याच्या पातळीपेक्षा बरेच खोल. तिथे कालवाच नदीच्या डोक्यावरून गेला आहे. यालाच जलसेतू म्हणतात. भाचा म्हणाला, “मामा, आमची निम्मी परीक्षा या तीस किलोमीटरांत आहे.”

सोलानीचे खोरे जवळपास चार किलोमीटर रुंद. एवढ्या अंतरात मातीचा भराव टाकून कालवा जमिनीच्या वर उचलला आहे, आणि मधोमध, जिथे खरी नदी आहे तिथे, विटांच्या कमानी आहेत. कमानी १५, प्रत्येकीचा गाळा ५० फुटांचा. म्हणजे नदीला वाहायला मोकळी जागा ७५० फूट. खांबांसकट सारे बांधकाम ९२० फूट लांब. रुंदी १९२ फूट, कारण वरून जाते ती एखादी मोट-पन्हळ नसून आख्खी एक नदी असते. खांब उभे आहेत ते वाळूत. खडक लागेपर्यंत खणत बसायचे तर जन्म गेला असता, म्हणून वीस-वीस फुटांचे चौकोनी ठोकळे बांधून, त्यांत चार-चार विहिरी ठेवून, आतली वाळू उपसत उपसत ते ठोकळे नदीच्या तळात वीस फूट उतरवले. विहिरींवर पाया घेण्याची ही रीत आपल्या देशातली फार जुनी आहे. यमुनेच्या काठचा ताजमहालही तसाच उभा आहे. दोन्ही टोकांना भले थोरले सिंह बसवले आहेत. माझ्या धाकट्या मुलाने त्यांपैकी एकाच्या पंजावर बसून फोटो काढून घेतला. तो अजून घरात आहे.

आम्ही खाली उतरलो. कमानीखालून सोलानी चाललेली, अगदी लाजाळू, चार हात रुंद. वर गंगेचे कोरडे पात्र. भिंतीवर पाणी जिथवर चढते तिथे हिरवट काळी रेघ, आणि त्या रेघेखाली माणसे कामाला लागलेली. कुणी सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट उपटत होते, कुणी विटांच्या फटी खरवडून त्यांत नवा माल भरत होते, कुणी पाटीने गाळ वाहत होते. पिंपळाचे रोप हा पुलाचा मोठा वैरी, हे मला तिथे समजले. पाण्याने जे शंभर वर्षांत होत नाही ते पिंपळ दहा वर्षांत करतो. घाई कुठे दिसत नव्हती; पण दिवाळीची तारीख सगळ्यांना पाठ होती.

हे सारे ज्याने मांडले तो प्रोबी कॉटली हा मूळचा बंगालच्या तोफखान्यातला अधिकारी. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात दुष्काळ पडला आणि सुमारे आठ लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. कंपनी सरकारला माणसांबरोबर बुडालेला सारा आणि मदतीवर झालेला खर्चही दिसला, हे सांगायला हवे. निव्वळ भूतदयेने कालवे होत नसतात. कॉटलीने सहा महिने त्या मुलखात पायी आणि घोड्यावरून फिरून स्वतः पातळ्या मोजल्या. १८४२ मध्ये खोदाईला सुरुवात झाली. मग लढाया आल्या, गव्हर्नर जनरल बदलले, पैसे आटले. मध्यंतरी तो आजारी पडून विलायतेस गेला आणि त्या सुट्टीत इटलीचे कालवे पाहून आला. हरिद्वारच्या पुरोहितांनी गंगेला बांधून घालण्यास विरोध केला, तेव्हा त्याने बांधात एक खिंड मोकळी ठेवायचे मान्य केले, घाट दुरुस्त करून दिले आणि कामाचा प्रारंभ गणेशपूजनाने केला. ही पूजेची गोष्ट ऐकून आई भाच्याला म्हणाली, “मंग तो सायेब शहाणा होता.” पुढे नव्या बांधकामावरून पुन्हा वाद पेटला तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये सरकारशी समझोता झाला आणि हर की पौडीला धार अखंड राहील असे ठरले. आईने तांब्यात घेतली ती बहुधा या समझोत्यातलीच धार असावी.

आणखी दोन गोष्टी भाच्याने अभिमानाने सांगितल्या. आपण शाळेत शिकतो, की हिंदुस्थानात पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. प्रवाशांची पहिली गाडी तीच, यात वाद नाही. पण त्याच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी, डिसेंबर १८५१ मध्ये, याच सोलानीच्या भरावासाठी माती वाहायला रुळांवरून वाफेचे इंजिन धावले होते. मुंबई-ठाण्याचा मान मातीच्या वाघिणींनी थोडा आधीच पळवला म्हणायचा! दुसरी गोष्ट त्याच्या कॉलेजची. एवढ्या कालव्याला माणसे कुठून आणायची, म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याने १८४७ मध्ये रुरकीला हे कॉलेज काढले. देशातले ते पहिले इंजिनीअरिंग कॉलेज. त्याचे पुढे विद्यापीठ झाले आणि २००१ पासून आय.आय.टी. कालव्याच्या पाठीशी इतकी वर्षे उभा राहिलेला हा थॉमसन सप्टेंबर १८५३ मध्ये वारला. ८ एप्रिल १८५४ रोजी पाणी सोलानीवरून गेले, ते त्याला दिसले नाही.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, की साहेबाची आरती चालली आहे. तसे नाही. कॉटलीच्या कामातही खोट होती आणि ती त्याच्या हयातीतच बाहेर आली. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारा आर्थर कॉटन, ज्याला आंध्रात आजही देवासारखे मानतात, त्याने १८६० नंतर या कालव्यावर कडक टीका केली. कालव्याला उतार जास्त दिला, त्यामुळे पाणी वेगाने धावते आणि तळ खाते, असे त्याचे म्हणणे. दोघांत पुस्तिकांची लढाई जुंपली. उताराबाबत कॉटनचे बरेचसे बरोबर होते आणि पुढच्या इंजिनीअरांना तो दोष दुरुस्त करत बसावे लागले. कालव्यालगत काही भागांत पाणी साचून जमिनी बिघडल्या, हिवतापही वाढला. पण मला जे महत्त्वाचे वाटले ते हे, की उद्घाटनाने त्या कालव्याचे काम संपले असे कुणी मानले नाही. चूक निघाली, मान्य झाली, निस्तरली गेली. आणि दरवर्षी दसऱ्याला दारे पडत राहिली. कंपनी गेली, राणीचे राज्य गेले, स्वराज्य आले. पिंपळाचे रोप उपटणारा माणूस तिथे होताच.

आई वरच्या पायऱ्यांवर बसली होती. आम्ही चढून आलो तेव्हा ती म्हणाली, “बाबू, आपल्या बुवाच्या नाल्यावर होता, तो असाच होता न रे?”

तिने सहज विचारले. मी उत्तर दिले नाही. त्या प्रश्नामुळे, खरे तर, हा लेख लिहीत आहे.

ज्या ग्रामीण शाखेत मी चार वर्षे होतो तिच्या हद्दीत एका प्रकल्पाच्या कालव्याचा शेवटचा भाग येत असे. प्रकल्पाचे नाव सांगत नाही. सांगून काही साधणार नाही, आणि दोष सांगायचा आहे तो मुख्यतः माझा. या कालव्याची एक शाखा एका नाल्यावरून पलीकडे जात होती. सहा खांब आणि त्यांवर सिमेंटची उघडी पन्हळ. सोलानीपुढे अगदी खेळणे. पण नाल्यापलीकडच्या चाळीसेक खातेदारांची सारी आशा त्या पन्हळीवर होती. जमीन लाभक्षेत्रात आली म्हणून त्यांच्या नावापुढे ‘ओलित’ असे लागले होते. बँकेच्या भाषेत ‘ओलित’ या एका शब्दाला पैसे असतात. कोरडवाहू कपाशीला एकरी जेवढे पीककर्ज, त्याच्या कितीतरी अधिक ओलिताच्या कपाशीला. कारण खत जास्त, बियाणे भारी, फवारणी जास्त, आणि अपेक्षित उत्पन्नही जास्त.

बुवा त्या चाळिसांतले एक. साठीच्या पुढचे, धोतर-बंडीतले. आमच्या घरी येताना तुरीच्या शेंगा, हुरडा असे काही तरी आणायचे आणि आईशी तासन् तास गोष्टी करायचे. त्यांना मी ओलिताचे कर्ज दिले. संबंधित कार्यालयाचा लाभक्षेत्राचा दाखला फाइलला होता. तपासणीच्या रकान्यात मी ‘प्रत्यक्ष पाहणी केली, समाधानकारक’ असे लिहिले. पाहणी केली होती ती नाल्याच्या अलीकडून. दुपारची वेळ, जीप पलीकडे जात नव्हती, आणि पन्हळ तर समोर दिसतच होती.

दुसऱ्या वर्षी हप्ता थकला. मी नोटीस काढली. तेव्हा बुवा शाखेत आले आणि म्हणाले, “सायेब, एकडाव माह्यासंगं चाला.” मी गेलो. कालव्याला पाळी सुटलेली होती. पन्हळीच्या तिसऱ्या खांबावरचा सांधा हातभर उघडला होता आणि तिथून सारे पाणी धो धो नाल्यात पडत होते. सांध्याच्या पलीकडची पन्हळ कोरडी, तिच्यात वाळलेली पाने आणि सरड्यांची घरे.

“पानी इथलोक येते,” बुवा म्हणाले, “मंग खाली उतरते. कागदावर हाये, वावरात नाई.”

तो सांधा का उघडला, हे मला रुरकीला कळले. भाच्याला मी नुसते वर्णन केले, तर तो म्हणाला, “मामा, खाली काळी माती असेल.” आपली कपाशीची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात त्या भेगांत त्याचे पाऊल अडकते. खांबाचा पाया या फुगणाऱ्या थरातून पुरेसा खाली गेला नाही, तर माती त्याला दरवर्षी थोडा उचलते, थोडा सोडते. वरची पन्हळ ताठ, ती सांध्यात फाटते. सांध्यात भरलेला डांबरी माल वाळून निघून जातो. यावर उपाय आहेत. पाया खोल न्यावा, भोवती न फुगणारा मुरूम भरावा. पण सगळ्यात साधा उपाय म्हणजे दरवर्षी, पाणी सोडण्यापूर्वी, एका माणसाने पन्हळीतून चालत जाऊन सांधे पाहावेत आणि बुजवावेत. एक माणूस, एक दिवस, एक डबा डांबर.

बुवांनी माझ्याकडे कर्जमाफी मागितली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की पुढच्या साली माझ्या नावापुढे कोरडवाहू लिहा, आणि मागचे जे ओलित म्हणून दिले त्याला हप्ते पाडून द्या. मागणी रास्त होती. आणि मी काय केले? पाणी नाही असे लिहून दिले असते, तर ‘समाधानकारक’ हा माझाच शेरा खोटा ठरला असता; मग उरलेल्या एकोणचाळीस फाइलीही उघडाव्या लागल्या असत्या. वर्षअखेर जवळ होती. मी बुवांना सांगितले, की त्या कार्यालयाकडून तसा दाखला आणा, मग पाहू. तो दाखला मिळणार नाही, हे मला माहीत होते. ज्याने पाणी दिले असे लिहिले, तो पाणी दिले नाही असे कसा लिहील?

पुढच्या हंगामाआधी बुवांनी बैलजोडी विकली आणि हप्ता भरला. पावतीवर माझी सही आहे. त्यानंतरही ते घरी येत राहिले, आईशी बोलत राहिले. माझ्याशी पूर्वीसारखेच ‘सायेब’ म्हणून बोलत. मला त्याचाच जास्त त्रास होई.

निवृत्तीनंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत कर्जबाजारी शेतकरी आले, निर्दय सावकार आले, बेरकी पुढारीही आले. कारकुनी अक्षरात ‘समाधानकारक’ लिहिणारा शाखाधिकारी मात्र एकाही कादंबरीत आला नाही. वाचकांनी कधी विचारले नाही. पण विचारायला हरकत नव्हती.

आपल्याकडे नवे धरण बातमी होते. कोनशिला होते, नारळ फुटतो, फोटो येतो. पन्हळीचा सांधा बुजवला, ही बातमी होऊ शकत नाही. म्हणून त्या कामाला पैसा मागणाराही भेटत नाही आणि देणाराही. १९९९ साली महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा, म्हणजे चितळे आयोगाचा, अहवाल आला. सिंचनावर खल पुष्कळ झाला. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही झाला. पाणीवापर संस्था काढा, पाणी मोजून घ्या, वाटून घ्या, वितरिका तुम्ही सांभाळा, अशी त्याची कल्पना. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाडसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांनी हे कायद्याच्या आधीपासून करून दाखवले. पाणी शेपटाकडच्या शेताला आधी आणि मग वर वर येत यायचे, या पद्धतीत मला मोठे शहाणपण दिसते. शेवटच्या माणसाला आधी पाणी द्यायचे ठरले, की वाटेतला प्रत्येक सांधा सगळ्यांचाच होतो. वरच्याला आपली पाळी हवी असेल, तर खालच्याचे पाणी गळू देऊन चालत नाही. पण संस्थेच्या हाती फुटकी पन्हळ सोपवून ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ म्हणायचे, तर ती सोपवणूक नव्हे, सुटका आहे. बँकेत चार्ज देताना आम्ही आधी तिजोरी मोजतो, मग किल्ल्या देतो.

यावर लोक पैशाचे कारण देतात. ते खोटे नाही. पाणीपट्टी पुरती वसूल होत नाही, म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, म्हणून पाणी नाही. पाणी नाही, म्हणून पाणीपट्टी कोणी देत नाही. थकीत खात्यांचे असे चक्र मी बत्तीस वर्षे पाहिले आहे. ते कुठल्या तरी एका बाजूने तोडावे लागते, आणि माझ्या अनुभवात ते नेहमी ज्याच्या हातात सही आहे त्या बाजूनेच तुटते. बुवांच्या बाजूने ते तुटायचे असते, तर बैलजोडी गेली तेव्हाच तुटले असते.

आई २००४ साली गेली. बुवा तिच्या आधीच गेले होते. मला ते पत्राने कळले, आणि कामाच्या गडबडीत मी गेलो नाही. निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मात्र वर्ध्याला एका लग्नाला गेलो असता गाडी त्या गावाकडे वळवली. रस्ता आता डांबरी झाला आहे. गाडी नाल्याच्या पलीकडे, थेट वावराच्या धुऱ्यापर्यंत जाते. जी जीप त्या दुपारी पलीकडे गेली नाही तिची आठवण झाली.

पन्हळ जागेवर होती. तिसऱ्या खांबावरच्या सांध्याला सिमेंटचा जाड गिलावा दिसला. त्याचा रंग बाकीच्यापेक्षा वेगळा, म्हणजे केव्हा तरी कोणीतरी काम केले होते. त्याच्या पुढच्या सांध्यातून मात्र पाणी ठिबकत होते आणि खाली नाल्यात त्या ठिकाणी हिरवेगार गवत माजले होते. त्या गवतात दोन म्हशी बसल्या होत्या. पाचव्या खांबाजवळ, भिंतीच्या फटीत, वीतभर पिंपळ. मी वाकून तो उपटायला पाहिला. पाने हातात आली, मूळ आतच राहिले.

बुवांचा मुलगा वावरातच भेटला. आता त्याचेही केस पांढरे. त्याने मला ओळखले, काकूंची चौकशी केली. आई गेल्याचे सांगितले तर थोडा वेळ गप्प राहिला. मग धुऱ्यावर चहा मागवला. हरभरा उभा होता, बरा दिसत होता. पाणी कुठले म्हणून विचारले, तर म्हणाला, बोअर मारली आहे, दोनशे फुटांवर लागले. कालव्याचे येते का? “येते न जी, एखाद साली येते. यंदा एक पाळी भेटली.”

मी विचारले, “आणि सातबाऱ्यावर काय आहे?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि हसला.

“सातबाऱ्यावर ओलितच हाये, सायेब. तवापासून.”